दाजींचा दृष्टांत

तिसगावच्या ख्रिस्ती वस्तीत शास्त्रातलं काही अडलं, की लोक कारभारी साळवेचं दार वाजवायचे. मोशेच्या सासऱ्याचं नाव काय, पौलाचं जहाज फुटलं ते कुठल्या बेटाला, दिवस विणकराच्या धोट्यापेक्षा भरभर जातात असं कोण म्हणालं? कारभारी डोळे मिटायचा, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा आणि पुस्तक, अध्याय, ओवी सांगून मोकळा व्हायचा. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो भरूनच वर यावा, तसं त्याचं होतं. गावच्या शाळेत तो मास्तर होता. लोक त्याला गुरुजी म्हणायचे, सलाम करायचे, मान द्यायचे. त्या मानाने त्याचं पोट मात्र कधी भरलं नाही.

त्याचे वडील दगडूबुवा ख्रिस्ती कीर्तनकार. शेवगावपासून पारनेरपर्यंत त्यांना बोलावणी यायची. धोतर, अंगरखा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. बुवा उभे राहिले की येशूच्या दुःखसहनाला बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि मासे धरणाऱ्या पेत्राच्या फजितीला लहानथोर हसून लोळायचे. कारभाऱ्याने लहानपणापासून त्यांच्यामागे बसून पेटी वाजवली. आपण एक दिवस पुढे उभं राहणार, हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलायचं काय त्यात? बापाचं मुलाकडे येतं.

पण त्याचा आवाज पातळ. वरच्या पट्टीत गेला की चिरकायचा. आणि थोरली बहीण छबू, म्हणजे अक्का, ज्यांना दिली होती ते सहादेव दाजी गवंडी होते. विटांची भिंत जशी सुतात उभी करायचे तसाच सूर सुतात लावायचे. एका रविवारी उपासना झाल्यावर दगडूबुवांनी आपल्या थकलेल्या पायांवर कसंबसं उभं राहून चिपळ्या काढल्या आणि जावयाच्या हातात दिल्या.

"मंडळी, ह्यो माझा ल्योक," ते म्हणाले. "ह्याच्यावर मी राजी हाय. आता ह्याचं ऐका."

कारभारी पेटीमागे बसला होता. देवबापाने येशूबद्दल काढलेले हे शब्द शास्त्रात कुठे येतात ते त्याला ठाऊक होतं. कुठल्या डोंगरावर, कुठल्या ढगातून, कुणाकुणाच्या देखत, सगळं ठाऊक होतं. आणि त्याचा स्वतःचा बाप ते शब्द दुसऱ्याच्या पोरासाठी वापरत होता. त्याने भाता दाबला. अजून कुणी गायला लागलं नव्हतं, तरी पेटीतून एक लांबलचक सूर निघाला. लोकांना वाटलं, मास्तरला भरून आलं.

बुवा पुढे वारले. दाजींचं कीर्तन रंगत गेलं. दाजींना शास्त्र फारसं ठाऊक नव्हतं. वाचायचे तर बोट ठेवून, अडखळत. म्हणून कीर्तन ठरलं की ते दोनतीन संध्याकाळी कारभाऱ्याच्या ओट्यावर येऊन बसायचे. "कारभारी, यंदा योसेफ घ्यायचाय. सांग." कारभारी सांगायचा. कथा सांगायचा, तिच्यातली खोच सांगायचा, नव्या करारातलं कुठलं वचन तिला जोडायचं ते सांगायचा. दाजी कानांनी पीत राहायचे. मग रविवारी तेच सगळं त्यांच्या तोंडून असं बाहेर यायचं, की कारभाऱ्यालाच ओळखू येऊ नये. कीर्तनात मध्येच दाजी अडले तर जरा मान वळवायचे आणि कारभारी पेटीवरून हळूच वचन पुरवायचा. हार मात्र एकच असायचा. तो दाजींच्या गळ्यात पडायचा, आणि दाजी भाबडेपणाने तो काढून पेटीवर ठेवायचे. हे तर कारभाऱ्याला अजिबात सोसायचं नाही. देणाऱ्याचा हात मोठा होता, म्हणून घेणाऱ्याला आणखीच लहान वाटायचं.

तबल्याला गावातला गहिनीनाथ असायचा. तो ख्रिस्ती नव्हता; तालासाठी यायचा आणि चहासाठी थांबायचा. तो एकदा हसत म्हणाला, "गुरुजी, पीठ तुमचं आन् भाकर दाजींची." कारभारीही हसला. आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात नगरच्या एका मोठ्या ख्रिस्ती मंडळीतून बोलावणं आलं. पन्नासाव्या दिवसाच्या सणानंतरचा रविवार, म्हणजे त्रैक्य रविवार. त्या दिवशी दुपारी कीर्तन हवं होतं, आणि विषयही त्यांनीच दिला होता, त्रैक्य. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन व्यक्ती आणि एक देव. दाजी ओट्यावर येऊन बसले ते डोकं धरूनच.

"ह्याचं आख्यान कसं लावायचं रं? योसेफाला खड्डा हुता, झगा हुता. हितं काय हाय?"

कारभाऱ्याने समजावलं. यार्देन नदीचा प्रसंग घ्या म्हणाला. पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि बाप आकाशातून बोलतोय. तिघं एकाच वेळी. बापाच्या त्या बोलण्यापाशी, 'हा माझा पुत्र' इथं येताच त्याने वाक्य अर्धं सोडलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेला.

दाजी दुसऱ्या दिवशी आले ते हसतच. अक्का सोबत होती. ती उंबऱ्याशी बसून सूपभर मटकी निवडायला लागली.

"कारभारी, मला एक दृष्टांत सुचलाय. माझा सोताचा. बघ हं. मी घरात पोरांचा बाप. माझ्या म्हातारीचा मी ल्योक. आन् कामावर मी गवंडी. मानूस एकच, नाती तीन. तसाच देव एक. बाप म्हनून दुनिया केली, ल्योक म्हनून खाली आला, आत्मा म्हनून आता आपल्यात राहतो. कसा हाय?"

कारभाऱ्याच्या एका क्षणात सगळं ध्यानात आलं. हा दृष्टांत चूक होता. नुसता कच्चा नव्हे, मुळातच चूक. एकच जण तीन सोंगं घेतो म्हटलं, तर नदीत उभं राहून वर बोलणारा कोण? क्रुसावर जाण्याआधी बागेत घाम गाळून पुत्राने कुणाला हाक मारली, स्वतःलाच? जुन्या काळी मंडळीने असलीच शिकवण ऐकून घेऊन ती बाहेर टाकली होती. एका वाक्यात तो हे सांगू शकला असता. वाक्य जिभेवर आलंही होतं.

आणि नगरला ऐकायला कोण कोण बसणार, तेही त्याला माहीत होतं. शिकलेली माणसं, उपासना चालवून म्हातारे झालेले पाळक.

"झकास आहे दाजी," तो म्हणाला. "लोक डोक्यावर घेतील."

"खरं?"

"खरंच. हाच घ्या."

सुपातल्या मटकीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

नगरला मंडळीचं देऊळ माणसांनी गच्च भरलं होतं. सावेडीकडचे काही नवे बंगलेवाले सहकुटुंब आले होते, पुढच्या बाकांवर बायकांच्या रेशमी साड्या सळसळत होत्या. दाजींनी सुरुवातीचं भजन असं उचललं, की मागच्या भिंतीला टेकलेली पोरंही सरळ बसली. आणि मग आला दृष्टांत. दाजी म्हातारीचा लेक झाले, पोरांचा बाप झाले, थापी हातात घेतलेला गवंडी झाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. कारभारी पेटी वाजवत होता आणि पुढच्या बाकांकडे बघत होता.

पुढच्या बाकावरून राधाकृष्ण पाटोळे उठले. हे निवृत्त पाळक, पांढरीशुभ्र दाढी, आवाज मऊ. ख्रिस्ती कीर्तनात वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारायची रीत होतीच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

"बुवा, फार गोड गाता," ते म्हणाले. "एक शंका आहे. प्रभूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो पाण्यात होता. मग वरून जो बोलला, तो कोण? तुमच्या दृष्टांतातला गवंडी स्वतःलाच हाक मारत होता का?"

काही जण हसले. दाजींचा हात चिपळ्यांसकट वर होता, तो तसाच राहिला. ते म्हणाले, "म्हंजी... देवाला काय अशक्य हाय?" आणि आपलं चुकलं हे त्यांच्या स्वतःच्याच कानांना कळलं. मग त्यांनी सवयीप्रमाणे मान जराशी वळवली.

कारभाऱ्याने ती मान पाहिली. कानशिलावरून उतरणारा घाम पाहिला. पेटीवरून हळूच चार शब्द पुरवले असते, तर दाजींनी तेवढ्यावर सगळं सावरून नेलं असतं.

तो उभा राहिला.

"साहेब, परवानगी असेल तर मी सांगतो," तो मोठ्याने म्हणाला, आणि सांगू लागला. मत्तयाचा तिसरा अध्याय, योहानाचा चौदावा, सतरावा, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा शेवट. बाप तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे, तरी देव तीन नाहीत, एकच आहे. आणि म्हणून एका माणसाच्या तीन नात्यांचा दाखला इथे लागू पडत नाही. शेवटचं वाक्य त्याने दाजींकडे न बघता म्हटलं. पातळ आवाज त्या दिवशी एकदाही चिरकला नाही.

पाटोळे साहेब पुढे येऊन त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "अहो, तुम्हांला पेटीमागं कुणी बसवलंय?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी हे विचारलं होतं. कारभारी नम्रपणे हसला. हार दोन निघाले.

परतीच्या एसटीत दाजी खिडकीशी बसले होते. करंजीचा घाट लागला. मग त्यांनी कारभाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज तू नसतास तर माझी लाज गेली असती रं. देवानंच तुला उभं केलं."

त्यांनी रागावावं, तोंड फिरवावं, एखादा टोमणा मारावा, अशी कारभारी मनातून वाट पाहत होता. दाजींनी तेवढीही संधी दिली नाही. पलीकडच्या सीटवर अक्का होती. तिने एकदा कारभाऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

नगरची बातमी गावोगाव गेली. आता बोलावणी कारभाऱ्याला यायला लागली. दाजी स्वतःच म्हणाले, "तूच कर. मला काय येतंय? मी मागं टाळ धरतो." हंगामाच्या सणाला, लोक बाजरीची कणसं आणि कोंबड्या घेऊन देवळात येतात त्या दिवशी, कारभारी पहिल्यांदा चिपळ्या घेऊन उभा राहिला.

त्याने एकही वचन चुकवलं नाही. एकाला एक जोडत गेला, नेमकं, काटेकोर. अर्ध्या तासात बायका पोरांना निजवायच्या मिषाने उठू लागल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा घोरायला लागला. गहिनीनाथ तबल्यावर जांभई देत होता. मग भजनाचं पालुपद आलं आणि मागून दाजींनी ते उचललं. दाजींनी मुद्दाम काही केलं नव्हतं. नुसती साथ दिली होती. पण देवळात वारं शिरावं तसं झालं. बायका परत बसल्या, म्हातारा जागा झाला. लोक कारभाऱ्याच्या खांद्यावरून मागे बघायला लागले.

बापाच्या चिपळ्या हातात होत्या आणि तरीही लोक मागेच बघत होते. कारभाऱ्याने पालुपद दुसऱ्यांदा घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. बसली नाही.

"तवा ओट्यावर तू मान डोलावलीस," ती म्हणाली. "झकास हाय म्हनलास. मी हुते तितं."

"तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही."

"तुज्या? तुला वचन सुचलं न्हाई?" ती एवढंच म्हणाली. मग जायला वळली आणि म्हणाली, "मी त्यांना सांगनार न्हाई. तूच सांग."

त्याने सांगितलं नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला. आणि सगळ्यांत जास्त त्रास त्याला या गोष्टीचा झाला, की दाजी तसेच राहिले. भेटले की हसायचे, "गुरुजी" म्हणून हाक मारायचे. त्यांच्या त्या निर्मळपणाचाही कारभाऱ्याला हेवा वाटायचा. आपल्याला कधी असं झोपता आलं, असं हसता आलं?

शेवटी शिमग्याच्या सुमाराला तो न राहवून गावाबाहेर गेला. दाजी एका नव्या घराची भिंत चढवत होते. कारभाऱ्याने खाली उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. दाजींनी हातातली वीट लावली, थापीने ठोकली, ओळंबा सोडून पाहिला.

"का?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी चिपळ्या तुम्हांला दिल्या."

"मग बाबावर रुसायचं हुतंस. मला का खड्ड्यात घातलंस?"

कारभाऱ्याने एक वीट उचलून वर धरली, ती दाजींनी घेतली नाही.

"मी तुज्याकडं दिवा मागायला येत हुतो रं," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "इचारलं हुतं तुला, कसा हाय म्हनून. जा आता. भिंत वली हाय, मला काम हाय."

दाजींनी चिपळ्या परत घेतल्या नाहीत, कारभाऱ्यानेही त्या पुन्हा उचलल्या नाहीत. वस्तीत कीर्तन बंद पडलं. त्या साली पाऊसही आला नाही. गावाच्या विहिरी खरवडल्या गेल्या, बांधकामं थांबली, कारण चुना-सिमेंट कालवायला पाणी कुठून आणणार? दाजी आणि अक्का, सगळ्या गावासारखेच, पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जाऊ लागले. कारभाऱ्याला पगार होता. तो शाळेत मुलांना दुष्काळी मदतीची सुकडी वाटायचा आणि घरी यायचा. ओट्यावर कुणी येत नसे.

त्या दिवसांत एक गोष्ट त्याच्या कानावर आली. कामाला सुट्टी असली की दाजी नगरला जातात. पाटोळे साहेबांकडे. ज्या माणसाने भर देवळात अडवलं, त्याच्याच पायाशी बसून शास्त्र शिकतात. घरी अक्का वाचते, दाजी ऐकतात, एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावतात. नाही समजलं तर पुढच्या खेपेला साहेबांना विचारतात.

कारभारी त्या दिवशी जेवला नाही. दाजींचा राग त्याने समजून घेतला होता, अबोला समजून घेतला होता. पण वचनासाठी दाजी दुसऱ्याच्या दारात गेले, हे त्याच्या जिव्हारी लागलं. दाजींच्या तोंडचं प्रत्येक वचन आजवर त्याने दिलेलं होतं. दाजींना गळा होता, माणसं होती, बापाची पसंती होती. पण शास्त्र त्याच्याकडे होतं. आता तेही चाललं होतं.

नाताळाच्या आधी गहिनीनाथ आला. तो तलावाच्या कामावर मुकादम झाला होता. "गुरुजी, माझा तबला उंदरं कुरतडत्याल," तो म्हणाला. "लोक दिवसभर खडी फोडत्यात, तोंडाला चव न्हाई. दाजी उभं ऱ्हायला तयार हायेत. पेटीला तुमी येता का, एवढं इचारायला आलोय."

"दाजींनी विचारलं?"

"दाजी म्हनले, येत आसला तर येऊ द्या. पन मला वचन पुरवायचं न्हाई. आडलो तर आडू द्या."

कारभारी गेला. नाही गेला असता तर दुसऱ्या कुणी पेटी धरली असती, आणि ते त्याला बघवलं नसतं.

तलावाच्या भरावावर, सूर्य मावळायच्या आत, खडीच्या ढिगांवर माणसं बसली. ख्रिस्ती थोडी, बाकी सगळी गावची. दाजी वाळले होते. पण भजन उचललं तेव्हा आवाज तोच होता. भजन संपवून ते म्हणाले, "मंडळी, नगरला माझं एक काम आर्धं ऱ्हायलं हुतं. ते आज पुरं करतो."

आणि त्यांनी त्रैक्य घेतलं. दृष्टांत दिला नाही. "तवा मी दृष्टांत दिला आन् पडलो," ते म्हणाले, "आज नुसतं जे लिवलंय ते सांगतो." बाप काय म्हणतो? ह्या पुत्राचं ऐका. स्वतःचं नाव पुढं करत नाही. पुत्र काय म्हणतो? माझं काही नाही, बापाचं आहे. स्वतःचं नाव पुढं करत नाही. आणि आत्मा? योहानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूनं सांगून ठेवलंय, तो स्वतःचं बोलणार नाही, माझं गौरव करील.

"तिघं हायेत," दाजी म्हणाले, "आन् एकालाबी मोठेपना नको. ज्यो त्यो दुसऱ्याला हार घालतोय. म्हनून ते तीन आसून येक हायेत. आपन दोघं आसलो तरी दोन दिशांना."

 अध्याय सोळा, ओवी तेरा, चौदा. ते वचन कारभारी लहानपणापासून म्हणत आला होता, नगरच्या उत्तरात तेवढंच एक घ्यायचं राहून गेलं होतं. त्यात हे होतं, हे त्याला आज कळत होतं. आणि कळताक्षणी त्याच्या मनात जे उसळलं, तो पश्चात्ताप नव्हता. हे मला का दिसलं नाही? अडखळत वाचणाऱ्याला दिसलं आणि मला का नाही? जुनीच जळजळ, त्याच जागी. मग लाज वाटली, ती नंतर.

दाजींनी पालुपद घेतलं. कारभाऱ्याचे हात पट्ट्यांवर होते. दाजींचा आवाज वर चढू पाहत होता आणि पेटी खालच्या सुरात त्याला धरून ठेवत होती. कारभाऱ्याने बोटं उचलली आणि वरच्या सुरात टाकली. दाजींना हवी ती जागा मोकळी मिळाली. सूर असा सुटला की तलावाच्या पलीकडे बैल सोडणारी माणसं थांबली. दाजींनी मान वळवली नाही.

कीर्तन संपल्यावर हार नव्हता. दुष्काळात फुलं कुठली? दाजी घोटभर पाणी पिऊन आले, पेटीशी बसले.

"पट्टी बरी पकडलीस," ते म्हणाले.

"दाजी, ते सोळाव्या अध्यायाचं... पाटोळे साहेबांनी सांगितलं का?"

"न्हाई. तुज्या अक्कानं वाचलं आन् मला तसं वाटलं."

कारभाऱ्याला वाटलं, साहेबांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "बरोबर आहे. चूक कुठंच नाही."

"आता खरं बोलतोयस न्हवं?" दाजींनी विचारलं. हसून नाही, नीट डोळ्यांत बघून.

"खरं बोलतोय."

दाजींनी मान हलवली. पहिल्यासारखं त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला नाही. तो पुढेही कित्येक वर्षं ठेवला नाही. पण पुढच्या कीर्तनाला पेटी कोण वाजवणार हे विचारायची गरज पडली नाही. पाऊसपाणी परतल्यावर दोघं पुन्हा गावोगाव जाऊ लागले. ओट्यावरच्या बैठका काही सुरू झाल्या नाहीत. दाजी आपलं आख्यान घरी तयार करून आणायचे आणि निघायच्या आधी, एसटीच्या थांब्यावर उभ्याउभ्या, कारभाऱ्याला ऐकवायचे. चूक असली तर कारभारी लगेच सांगायचा, तोंड वाकडं करून का होईना. बरोबर असलं, तर त्याला आतून टोचायचं, आणि तेही सांगायला त्याला जास्त वेळ लागायचा. पण सांगायचा.

अक्का त्या थांब्यावर शेजारी उभी असायची. ती दोघांकडे न बघता रस्त्याकडे बघायची, गाडी येतेय का म्हणून.